दमणीत कोण बसलं होतं

प्रमोदिनीची कादंबरी आधी ‘ती’ची होती. ‘मी’ची ती नंतर झाली, आणि त्याला कारण प्रभाकरराव.

प्रभाकररावांचा वर्ध्याच्या बाजारात छापखाना होता. लग्नपत्रिका, कापसाच्या आडत्यांची पावतीपुस्तकं आणि कुमारांसाठी एक मासिक, ही तिन्ही कामं ते सारख्याच गंभीर चेहऱ्यानं करत. प्रमोदिनी घाटे मुलींच्या शाळेत आठवीला मराठी शिकवायची. वय पंचवीस. लग्न व्हायचं होतं, आणि ही गोष्ट तिच्यापेक्षा रामनगरातल्या शेजाऱ्यांच्या जास्त लक्षात असायची. आपल्या वर्गातल्या मुलींना वाचायला काय द्यावं हे तिला कळेनासं झालं होतं. मिळतील त्या पुस्तकांतल्या मुली एक तर पहिल्या पानापासून आज्ञाधारक असत, नाही तर शेवटच्या पानावर होत. म्हणून तिनं स्वतःच लिहायला घेतलं.

कादंबरीतली मुलगी वर्ध्याजवळच्या आंजी गावची, पंधरा वर्षांची. तिला वर्ध्याला जाऊन सातवीची परीक्षा द्यायची असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी हिंगणघाटकडून पाहुणे तिला पाहायला येतात. वडील म्हणतात, परीक्षा पुढच्या वर्षीही येईल. पाहुणे जेवायला बसतात तेव्हा मुलगी मागच्या दारानं बाहेर पडते. घरची गाडी शेतात गेलेली असते, म्हणून ती पाहुण्यांचीच दमणी जुंपते आणि वर्ध्याला निघते. दमणी म्हणजे माणसांनी बसून जायची दोन बैलांची हलकी गाडी. तिच्यातून कोणी कडबा नेत नाही, आणि मुलीही सहसा एकट्या जात नाहीत.

“चांगलं आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “पण मुलगी फार लांब बसली आहे.”

“दमणीतच बसली आहे,” प्रमोदिनी म्हणाली.

“वाचकापासून लांब. ‘ती’ म्हटलं की पोरांना वाटतं, कोणी तरी बाई उभी राहून सांगते आहे. आणि बाई उभी राहून सांगते म्हणजे पुढे प्रश्न विचारणार. ‘मी’ करा.”

प्रमोदिनीला ते पटलं. दिवाळीची सगळी सुट्टी तिनं ‘ती’ची ‘मी’ करण्यात घालवली. काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. ‘तिनं कासरा ओढला’ याचं ‘मी कासरा ओढला’ सहज होत होतं. पण ‘ती सुंदर नव्हती, तरी तिच्या डोळ्यांत तेज होतं’ याचं काय करायचं? तिनं ते तेज काढून टाकलं. त्या जागी मुलीला थोडं रडू दिलं.

मासिकात पहिली दोन प्रकरणं आली आणि वर्ध्यात असं ठरलं, की घाटे मास्तरांच्या मुलीनं लहानपणी पाहुण्यांची दमणी पळवली होती.

शाळेत मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं.

“तुम्ही असं केलं होतं?”

“नाही. कादंबरीतल्या मुलीनं केलं.”

मोठ्या बाईंनी चष्मा पुढे घेऊन अंक पाहिला. “इथे ‘मी’ लिहिलं आहे.”

“ती लिहायची पद्धत असते, बाई.”

“असेल. पण खाली तुमचं नाव आहे आणि वर ‘मी’ आहे. मधे दुसरं कोणी मला तरी दिसत नाही.” त्यांनी अंक परत केला. “बैल तरी परत केले होते ना?”

प्रमोदिनी हो म्हणाली. नाही म्हटलं असतं तर आणखी वाढलं असतं.

त्याच महिन्यात यवतमाळचं एक स्थळ आलं. मुलगा वकील, पत्रिका जुळलेली. मुलाचे काका पोहे खाऊन झाल्यावर बंडोपंतांना म्हणाले, “मुलीला गाडीबैल हाकता येतं म्हणे.”

बंडोपंत हे प्रमोदिनीचे वडील. जन्मभर आंजीच्या शाळेत मास्तरकी करून, बायको वारल्यावर मुलीच्या नोकरीच्या गावी राहायला आलेले. ते म्हणाले, “छे. ती बैलांना घाबरते.”

“मग ते छापलं आहे ते?”

“ते साहित्य आहे.”

“म्हणजे खोटं?”

बंडोपंत विचारात पडले. हो म्हणावं तर मुलगी खोटारडी ठरत होती, नाही म्हणावं तर गाडीचोर. त्यांनी काकांना आणखी पोहे घ्यायचा आग्रह केला. पुढे यवतमाळहून निरोप आला, की पत्रिका जुळत नाही.

त्या रात्री जेवताना बंडोपंत एवढंच म्हणाले, “प्रथमपुरुषाला एवढा धोका असतो हे मी कधी कोणत्या वर्गाला शिकवलं नाही.”

प्रमोदिनीला वाईट वाटलं. वकिलाचं नव्हे. त्याचा चेहराही तिला नीट आठवत नव्हता. तिला वाटलं ते असं, की गावभर तिचं नाव झालं होतं, आणि ते दुसरीच्या हक्काचं होतं. कारण दमणी खरोखरच गेली होती, आणि तिच्यात प्रमोदिनी नव्हती.

दमणीत होती ती भोयरांची माणिक. तीच दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं सेलूहून आली.

माणिक आंजीला घाट्यांच्या शेजारी राहायची, प्रमोदिनीपेक्षा वर्षानं मोठी. आता सेलूला सासरी होती. नवरा बबनराव कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, घरी थोडी शेती, सासू मंदाबाई. माणिकनं पिशवीतून गुंडाळलेला अंक काढला आणि पाटावर ठेवला.

“यायनं वाचून दाखवला,” ती म्हणाली. ‘यायनं’ म्हणजे नवऱ्यानं.

“आवडला?”

“दमणी चांगली केली तू. पण तू काऊन बसली तिच्यात?”

“अगं, ती गोष्ट आहे. गोष्टीतली ‘मी’ म्हणजे मीच असं नसतं.”

“मंग कोण असते?”

“कोणीही असू शकते.”

“कोणीही नवती. मी होती.”

प्रमोदिनीनं चहा केला. माणिक रागावलेली दिसत नव्हती. पेरणी चुकीच्या शेतात झाली आहे हे सांगायला आलेल्या माणसासारखी ती बसली होती.

“अन् ते रडाचं,” माणिक म्हणाली. “‘माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.’ मी रडली नवती. धूळ उडून राह्यली होती, डोये चोळायले हात मोकळा नवता. मले भूक लागली होती. सकायपासून त्या लुगड्यात बसवून ठेवलं, खायले कोणी देल्लं नाई.”

“स्वातंत्र्याचा विचार आला असेल ना मनात? तो लिहिला आहे मी.”

“डावा बैल ओढत होता, त्याचा इचार होता. अन् त्रैराशिकाचा. मले त्रैराशिक येत नवतं. अन् बैलं पांढरे लिहिले तू. एक तांबडा होता.”

“दोन्ही पांढरे होते. मला समोरून येताना दिसले.”

माणिकनं आठवून पाहिलं. “असतीन,” ती म्हणाली. “मी तं मांगून पाह्यले.”

मग ती गेली कशी ते तिनं पुन्हा सगळं सांगितलं. मी गेली, मी जुंपली, मी उतरली. ऐकता ऐकता प्रमोदिनीच्या एक गोष्ट लक्षात आली. माणिकच्या बोलीत ‘ती गेली’ आणि ‘मी गेली’ दोन्हीकडे क्रियापद एकच होतं. ज्या भानगडीत प्रमोदिनीची दिवाळी गेली, ती माणिकला नव्हतीच.

“तुला काय हवं आहे?” प्रमोदिनीनं विचारलं.

“तू तं त्या नाल्याच्या रपट्यावर दही घेऊन उभी होती. मी म्हटलं बस, तं तू म्हणे, दही आहे. हे काऊन नाई लिहिलं?”

“त्यात काही घडत नाही, माणिक.”

“मंग माही गोष्ट माह्या नावानं लिही. ‘माणिक’ असं.”

“आणि तुझ्या सासूबाई?”

“त्याह्यले वाचता येत नाई.” मोटारीची वेळ झाली म्हणून माणिक उठली. दारात थांबून म्हणाली, “अन् ते रडणं काढजो.”

प्रमोदिनीनं पुढची प्रकरणं पुन्हा ‘ती’ची केली, मुलीचं नाव माणिक ठेवलं आणि रडणं काढलं. प्रभाकररावांनी हस्तलिखित चाळलं आणि पेन खाली ठेवलं.

“गेल्या दोन अंकांत मुलगी ‘मी’ आहे.”

“आता ती ‘ती’ आहे.”

“वाचकांना काय सांगू?”

“चूक झाली म्हणून सांगा.”

प्रभाकरराव सांगितलेलं शब्दशः घेणारे मुद्रक होते. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर शुद्धिपत्र आलं: ‘मागील दोन अंकांतील कादंबरीत जेथे जेथे “मी” छापले गेले आहे, तेथे तेथे “ती” असे वाचावे.’ वर्ध्यातल्या लोकांनी ते वाचलं आणि मास्तरांनी मुलीला दटावलेलं दिसतं, असा अर्थ काढला. मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत तिला हळूच सांगितलं, की हे बरं केलंत.

सेलूत मात्र निराळं झालं. अंक जिनिंगमध्ये पोचला, तिथे आंजीचा एक गाडीवान होता, त्यानं भोयरांची माणिक म्हणजे कोण ते सगळ्यांना समजावून दिलं. संध्याकाळपर्यंत ते मंदाबाईंच्या ओसरीवर आलं.

रविवारी मंदाबाई सुनेला घेऊन रामनगरात हजर झाल्या. नऊवारी पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पितळी डबा. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, सतरंजीवर बसल्या. माणिक त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. बंडोपंत वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत निघाले होते. मंदाबाई म्हणाल्या, “मास्तर, तुमी बसा. तुमच्याच गावची गोष्ट आहे.” ते बसले.

“हे खरं आहे?” मंदाबाईंनी प्रमोदिनीला विचारलं.

प्रमोदिनीनं माणिककडे पाहिलं. माणिक छताकडे पाहत होती.

“कादंबरीत बरंच कल्पनेचं असतं,” प्रमोदिनी म्हणाली.

“मले कल्पनेचं नाई इचारून राह्यली. हिनं दमणी आंजीहून वर्ध्याले एकटीनं आणली, हे खरं का खोटं?”

“खरं.”

मंदाबाईंनी डबा बाजूला ठेवला. प्रमोदिनी जे यायचं ते ऐकायला बसली.

“आमचा गडी दर सणाले गावी जाते,” मंदाबाई म्हणाल्या. “तो गेला का गाडी उभी. कापूस वावरात पडून राह्यते, मी लोकायच्या दारी जाऊन गाडीवान मांगते. अन् हे बाई इतके वर्स माह्या घरात भाकरी थापून राह्यली, एका शब्दानं बोलली नाई का मले बैल हाकता येते.”

“तुमी इचारलं नाई,” माणिक भिंतीकडून म्हणाली.

“सुनेले कोणी हे इचारते?”

बंडोपंतांनी वर्तमानपत्राची घडी घातली. प्रमोदिनीनं चहा आणला. मंदाबाईंनी बशीत ओतून तो प्यायला, आणि राग जागच्या जागी ठेवूनच त्यांनी विचारलं, “मंग पाहुण्यायचं काय झालं?”

“मले काय माहीत?” माणिक म्हणाली. “मी तं गेलती.”

“बबननं वाचलं त्याच्यातही नाई. दमणी वर्ध्याले पोचते, पोरगी परीक्षेले बसते. अन् इकडे ज्यायची दमणी गेली ते लोकं? हवेत गेले?”

सगळे प्रमोदिनीकडे पाहू लागले. गोष्ट ‘मी’ची असो की ‘ती’ची, प्रमोदिनी आपली दमणीमागे धावत वर्ध्याला गेली होती. आंजीत काय झालं ते तिनं कुठल्याच खर्ड्यात लिहिलं नव्हतं. आणि आंजीत तर तीच होती.

“मला माणिकच्या आईनं दही आणायला पाठवलं होतं,” तिनं सांगायला सुरुवात केली. “रपट्यावर माणिक भेटली. ती गेली. मी दही घेऊन परत आले. पंगत चालू होती. तेवढ्यात तो मुलगा, पाहायला आलेला, पाणी प्यायचं निमित्त करून अंगणात आला. निंबाखाली त्यांचा गडी झोपला होता आणि दमणी नव्हती. त्यानं निंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, कोणी नेली? मी म्हटलं, मी पाहिलं नाही. तो म्हणाला, बैल उधळले तर नाहीत? मी म्हटलं, नाही, नीट चालले होते.”

बंडोपंतांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं.

“मग माझ्या लक्षात आलं, की मी काय बोलले,” प्रमोदिनी म्हणाली. “तो थोडा वेळ उभा राहिला. मग आत जाऊन पुन्हा पानावर बसला आणि म्हणाला, श्रीखंड आणखी वाढा. खाऊन झालं, पुन्हा मागितलं. मग भात मागितला. मग त्या भातावर माझ्या हातून दही घेतलं. तो जेवतो आहे तोवर त्याच्या वडिलांना उठता येईना. माणिकची आई वाढत राहिली. तो एवढं जेवला, की शेवटी त्याला घाम आला. तोवर माणिक बरीच पुढे गेली असेल.”

माणिक भिंतीपासून पुढे सरकली होती. “हे मले कधी सांगितलं नाई तू.”

“तू विचारलं नाहीस. तू परीक्षेचं सांगत होतीस.”

“मंग?”

“मग आरडाओरडा झाला. तुझ्या वडिलांनी मला विचारलं, मुलाच्या वडिलांनी विचारलं, आणि मग आमच्या वडिलांनी विचारलं. मी तिघांनाही सांगितलं, की मी पाहिलं नाही. वडिलांशी मी त्यापूर्वी कधी खोटं बोलले नव्हते. मला वाटलं, आता जीभ झडेल. संध्याकाळपर्यंत मी ती आरशात पाहत होते.”

“मला माहीत होतं,” बंडोपंत म्हणाले.

“काय?”

“की तू पाहिलंस. दह्यावर धुळीचा थर होता. गवळ्याकडून घरी येताना वाटेत गाडी गेल्याशिवाय दह्यावर एवढी धूळ बसत नाही.”

“तुम्ही काही बोलला नाहीत.”

“त्या वर्षी माझ्या शाळेतून परीक्षेला बसणारी ती एकच मुलगी होती,” बंडोपंत म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

मंदाबाई विचारात पडल्या होत्या. “त्या पोराचं नाव काय होतं?”

कोणालाच आठवेना. माणिकनं त्याला पाहिलंही नव्हतं.

“चांगला पोरगा होता,” मंदाबाई म्हणाल्या. “त्यालेच देऊन टाकाची होती हिले.” मग त्यांनी डबा उघडला. त्यात रव्याचे लाडू होते. भांडायला आल्या तरी रिकाम्या हातानं आल्या नव्हत्या.

ते लोक गेल्यावर प्रमोदिनी बराच वेळ सतरंजीवर तशीच बसून राहिली. ज्या मुलीच्या बाबतीत काहीच घडत नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं, ती मुलगी त्या दुपारी पाहिलेलं न पाहिलेलं करायला शिकली होती. एका अनोळखी मुलाला तिनं नकळत सगळं सांगून टाकलं होतं, आणि त्यानं ते पोटात घातलं होतं, श्रीखंडासकट. दमणीतल्या मुलीपेक्षा ही मुलगी लहान होती, घाबरट होती, पण तिच्या डोळ्यांनी काय दिसलं ते प्रमोदिनीला कोणाला विचारावं लागणार नव्हतं. बैलांचा रंगसुद्धा.

तिनं कादंबरी पहिल्यापासून पुन्हा लिहिली. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, त्यात अर्धा उन्हाळा गेला. यावेळी दमणी दुसऱ्याच प्रकरणात रपट्यावरून निघून जात होती आणि सांगणारी मुलगी मागे राहत होती.

प्रभाकररावांनी पहिलं पान वाचलं. “पुन्हा ‘मी’?”

“ही दुसरी ‘मी’ आहे.”

“मी शुद्धिपत्र काढलं आहे, बाई.”

“मासिकात नको. पुस्तक काढा.”

“पण मुख्य पात्रच निघून जातं. परीक्षा दिसत नाही, वर्धा दिसत नाही. पोरांना दमणीत बसायचं असतं.”

“सगळ्यांना दमणी मिळत नाही,” प्रमोदिनी म्हणाली.

प्रभाकररावांनी हस्तलिखित टेबलाच्या खणात ठेवलं. लग्नसराई संपल्यावर पाहू, म्हणाले. लग्नसराई संपली, मग कापसाचा हंगाम आला, पावतीपुस्तकांची कामं आली. वर्धा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, त्यामुळे कचेऱ्यांचे कागद नव्यानं छापावे लागले. त्या सगळ्यातून पुस्तक निघालं ते पातळ, खाकी पुठ्ठ्याचं. सेलूला एक प्रत गेली. मंदाबाईंनी ती मुलाकडून सलग वाचून घेतली आणि सासूचं पात्र नाही, असा शेरा दिला. माणिकनं निरोप धाडला तो असा, की तुह्या पुस्तकापायी मले आता दर सणाले वावरात गाडी न्यावी लागते, अन् पोरं मांगं बसून गाणे म्हणतात. ती खूश आहे की वैतागली आहे, हे निरोप्याला सांगता आलं नाही.

शाळेत आठवीच्या वर्गाला प्रमोदिनीनं त्यातलं पंगतीचं प्रकरण वाचून दाखवलं. मुली शांत बसून ऐकत होत्या. त्या मुलानं तिसऱ्यांदा श्रीखंड मागितलं तेव्हा मागच्या बाकावर हसू फुटलं आणि थांबलं. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं.

सुमती नावाची एक मुलगी उभी राहिली. ही मुलगी एरवी उत्तरं द्यायलाही उभी राहत नसे.

“बाई, तो मुलगा घरी जाताना रस्त्यात काय म्हणाला असेल वडिलांना?”

“ते सांगणारीला माहीत नाही. ती अंगणातच होती.”

“आणि माणिकला पेपर कसा गेला?”

“तेही तिला तेव्हा माहीत नव्हतं.”

सुमतीनं थोडा विचार केला. “मग तिला फारच कमी माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो,” प्रमोदिनी म्हणाली. “चौदा वर्षांची होती.”

“मी पण चौदाचीच आहे,” सुमती म्हणाली, आणि खाली बसली. तास संपायला अवकाश होता, म्हणून प्रमोदिनीनं व्याकरणाचं पुस्तक काढायला सांगितलं.